गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी: बर्फ पारखायला पहार कोणती घ्यावी?

पवईचा_गळ (धागाकर्ता)
14 नोव्हेंबर 2024

नमस्कार मंडळी. गेली 27 वर्षे मी पवई तलावावर गळ टाकून मासेमारी करत आलो आहे, पण आता एका अशा पाण्यावर जायचे आहे ज्याची मला काहीच माहिती नाही. डिसेंबरच्या मध्यावर मी आणि सौ. मुलीकडे मिनेसोटाला जात आहोत. मुलगी आणि जावई मिनीआपोलिसच्या उत्तरेला राहतात आणि हिवाळ्यात तिथल्या गोठलेल्या तलावांवर भोक पाडून वॉलाय नावाचा मासा पकडायला जातात. मलाही बरोबर नेण्याचे जावयांनी कबूल केले आहे.

बर्फावर चालताना तिथले लोक ‘स्पड बार’ नावाच्या लोखंडी दांड्याने पुढची जागा ठोकून पाहतात. आपल्याकडच्या पहारीसारखाच तो असतो. फक्त टोकाला छिन्नीसारखे रुंद पाते असते. जावयांकडे अशी एकच पहार आहे आणि ते पुढे चालत असल्यामुळे ती त्यांच्याच हातात असते. मागून येणाऱ्याजवळही स्वतःची पहार असावी, असे मला मनापासून वाटते, म्हणून मी ती विकत घेणार आहे.

दोन किलोपासून पाच किलोपर्यंतच्या, चार फुटांपासून पाच-सव्वापाच फुटांपर्यंतच्या, अखंड आणि दोन तुकड्यांच्या, सरळ धारेच्या आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या धारेच्या अशा अनेक पहारी मी चित्रांत पाहिल्या. माझे वय 64 आहे आणि उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता. आता तो बराच मोकळा झाला आहे, पण पूर्वीसारखा नाही. माझ्यासारख्याने कोणती पहार घ्यावी? आणि ती नागदेवी स्ट्रीटवरून घेऊन किंवा लोहाराकडून करवून इथूनच न्यावी का?

सिमको_काठ
14 नोव्हेंबर 2024

काका, प्रश्न वेळेवर विचारलात. मी मूळचा डोंबिवलीचा. गेली 11 वर्षे कॅनडात, ऑन्टारियोतल्या सिमको तलावाजवळ राहतो. आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर अवलंबून आहे. ही पहार मासेमारीचे भोक पाडण्यासाठी घ्यायची नसते. भोक पाडायला गिरमिट असते, त्याला इथे ऑगर म्हणतात. जिथे आपण अजून उभे राहिलेलो नाही, तिथला बर्फ आपला भार पेलेल का, हे पाऊल टाकण्यापूर्वी कळावे एवढ्यासाठीच पहार हातात असते. त्यामुळे दिवसभरात शेकडो वेळा उचलली तरी हात गळून जाणार नाहीत इतकी ती हलकी हवी, आणि पातळ बर्फ एका ठोक्यात फुटल्याशिवाय राहणार नाही इतकी ती जड हवी.

लांबीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. पहार जमिनीवर उभी टेकवली असता तिचे वरचे टोक निदान छातीपर्यंत यावे. आखूड पहारीने ठोकायचे तर कमरेत वाकावे लागते, आणि वाकले की अंगाचा भार पुढे, म्हणजे जो बर्फ आपण अजून पारखलेला नाही त्याच्याच बाजूला जातो. पाच फुटांची पहार घेतली तर ताठ उभे राहून एक-दोन पावले पुढे ठोकता येते.

बर्फावर हिम साचले असेल तर ते आधी बुटाने बाजूला करावे, कारण हिमावर मारलेला ठोका काहीच सांगत नाही. मग एकाच जागी दोन-तीन जोरकस ठोके द्यावेत. जाड बर्फाचा आवाज भरीव येतो आणि हाताला झणका बसतो; पातळ बर्फ पोकळ वाजतो. एकाच ठोक्यात पहार आरपार गेली तर तिथेच थांबावे आणि पाय न उचलता, घासत, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे यावे.

लोहभट्टी
14 नोव्हेंबर 2024

मी कुर्ल्यात 30 वर्षे फोर्जिंगचे काम केले आहे, म्हणून लोखंडापुरते बोलतो.

नागदेवीला मिळणारी पहार मातीसाठी आणि दगडासाठी असते. गोल सळईचे वजन काढायचे आमचे सूत्र सोपे आहे: व्यासाच्या मिलिमीटरांचा वर्ग करून 162 ने भागले की एका मीटरचे किलो मिळतात. म्हणजे 25 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 3.86 किलो भरते, आणि दीड मीटरची पहार जवळजवळ 5.8 किलोची होते. ती खड्डा खणायला उत्तम आहे, पण दिवसभर उचलत चालायला नाही. 20 मिलिमीटरची घेतली तर तीच लांबी सुमारे 3.7 किलोत बसते, आणि सिमको_काठ यांचे वर्णन ऐकून मला हेच वजन योग्य वाटते.

दुसरी अडचण टोकाची आहे. मातीच्या पहारीचे टोक निमुळते असते. बर्फात ते खिळ्यासारखे घुसेल आणि अडकून बसेल, मग दर वेळी हिसडा देऊन काढावे लागेल, आणि निसरड्या जागी हिसडा देणे चांगले नाही. तिथे दोन इंच किंवा त्याहून रुंद पाते हवे.

आता करवून घेण्याविषयी. सळईला पाते जोडायचे म्हणजे वेल्डिंग आले, आणि धारेला पाणी द्यायचे म्हणजे नंतर ते बेताने उतरवणेही आले. ते उतरवले नाही तर धार काचेसारखी ठिसूळ राहते. शिवाय कडाक्याच्या थंडीत साधे पोलादसुद्धा अधिक ठिसूळ होते, त्यामुळे इथल्या 30 अंशांत भक्कम वाटलेला जोड तिथल्या शून्याखालच्या 20 अंशांत तसाच वागेल याची हमी मी देणार नाही. जिथे वापरायची तिथल्या थंडीसाठी बनवलेली पहार तिथेच घ्यावी. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतो आहे, पण हेच खरे आहे.

अंधेरी_पूर्व
14 नोव्हेंबर 2024

विमानाच्या दृष्टीनेही हेच बरे. चेक-इनच्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरची मर्यादा बहुतेक कंपन्या लावतात. पाच फूट म्हणजेच 152 सेंटिमीटर झाले. वर गुंडाळलेल्या कापडाची जाडी धरली की मर्यादा ओलांडलीच.

तर्कसंगत
15 नोव्हेंबर 2024

एक मूलभूत शंका विचारतो. ऑगर असताना पहारीची गरज काय? भोक पाडून पट्टीने मोजले की जाडी अचूक कळते. पहारीचे ठोके आणि आवाज हा अंदाजाचा भाग झाला. शिवाय या तलावांवर रोज शेकडो लोक जातात, गाड्यासुद्धा जातात, असे वाचले आहे. त्यांच्या वाटेने चालले तर पुरे नाही का?

मिनेसोटाची_मावशी
15 नोव्हेंबर 2024

शंका रास्त आहे, पण ऑगरने भोक पाडण्यासाठी आधी त्या जागी जाऊन उभे राहावे लागते. म्हणजे मोजमाप हाती येईपर्यंत आपण त्या बर्फावर आपला भार टाकून मोकळे झालेलो असतो. पहार हे काम पाऊल टाकण्याआधी करते. दोन्ही साधने लागतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत.

मी मूळची गिरगावची, 19 वर्षे मिनेसोटात राहते. इथल्या नैसर्गिक संपदा विभागाच्या सूचनेनुसार नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाची जाडी चार इंच असल्याशिवाय माणसाने त्यावर चालू नये; स्नोमोबाइलसाठी, म्हणजे हिमावरून धावणाऱ्या छोट्या वाहनासाठी, पाच ते सात इंच लागतात, आणि बर्फ पांढरा असेल तर हे सगळे आकडे दुप्पट धरायचे. दर 150 फुटांवर, म्हणजे साधारण 45 मीटरवर, जाडी तपासावी असेही ते सांगतात. त्या 45 मीटरांच्या मधल्या वाटेवर मात्र तुमच्याजवळ पहारीखेरीज काहीच नसते, आणि तळ्यात एखादा झरा असला, ओढा येऊन मिळत असला किंवा दोन काठ जवळ येऊन पाण्याला ओढ लागत असली, तर 45 मीटरांत बर्फ आठ इंचांवरून दोन इंचांवर येऊ शकतो.

दुसऱ्यांच्या वाटेविषयी सांगायचे तर, ती वाट काल चांगली होती एवढेच तिच्यावरून कळते. हिमाची गोधडी वर पडली की बर्फाची वाढ मंदावते, खालून प्रवाह तो खात राहतो, आणि पावलांचे ठसे मात्र तसेच दिसत राहतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 29 डिसेंबर 2023 रोजी इथल्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून अधिक मासेमार त्यावर अडकले. सर्वांची सुटका करावी लागली. तशा वेळी पायाखालचा बर्फ ठोक्याला पुरेसा जाड लागू शकतो, कारण मध्ये पाणी उघडे पडते ते दूर कुठेतरी. पहार पावलापुढची जाडी सांगते. वाऱ्याची दिशा आणि काठाजवळची फट तुम्हाला डोळ्यांनीच पाहावी लागते.

कोळीवाडा_वरळी
15 नोव्हेंबर 2024

पांढऱ्या बर्फाचे जे मावशींनी लिहिले ते आम्ही रोज हाताने अनुभवतो. कारखान्यातून बर्फाची लादी येते तिच्या कडा काचेसारख्या आरपार असतात आणि मधला गाभा दुधी असतो, कारण पाणी बाहेरून आत गोठत जाते आणि त्यातली हवा व क्षार मध्यावर ढकलले जातात. टोचा घेऊन लादी फोडायला बसले की दुधी भाग लवकर भुसभुशीत होतो, आणि पारदर्शक भागाला मात्र नेमक्या जागी घाव घालावा लागतो. नजर नसली तरी हाताला हा फरक लगेच कळतो.

सिमको_काठ
15 नोव्हेंबर 2024

@कोळीवाडा_वरळी, अगदी बरोबर. तळ्यावर मात्र पांढरा बर्फ गाभ्यात नसून वरच्या अंगाला असतो. हिमाच्या ओझ्याने बर्फ थोडा खाली दबतो, फटींतून पाणी वर येते, हिमात मुरते आणि तो लगदा गोठतो. त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, म्हणून त्याची ताकद निम्मीच धरतात.

वसंतात तिसराच प्रकार होतो. उन्हाने बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटतात आणि मेणबत्त्यांची जुडी उभी करावी तसा तो होतो. तेव्हा फूटभर जाडीचा बर्फही पायाखाली ढासळू शकतो. ऑगरची पट्टी अशा वेळी फूटभर जाडी दाखवते, पण पहार मात्र त्यात सहज घुसते. @तर्कसंगत, तुम्ही विचारलेल्या अचूकतेला हे माझे दुसरे उत्तर आहे.

चादर_वाटसरू
16 नोव्हेंबर 2024

लडाखमध्ये झांस्कर नदीवर चादर ट्रेक केला तेव्हा आमचा वाटाड्या साध्या काठीने बर्फ वाजवत पुढे चालत होता आणि आम्ही त्याच्या पावलावर पाऊल टाकत होतो. एके ठिकाणी काठी वाजल्यावर तो थबकला आणि आम्हाला थेट कड्याला चिकटून नेले. मला त्या दोन आवाजांत काहीही फरक ऐकू आला नव्हता. त्याचा कान जन्मभर त्या नदीवर तयार झालेला होता. आपल्यासारख्या पाहुण्याने आवाजावर विसंबू नये. जी बर्फात प्रत्यक्ष घुसून दाखवील अशी वजनदार पहारच आपल्याला हवी.

पवईचा_गळ
16 नोव्हेंबर 2024

सर्वांचे आभार. इथून न्यायचा विचार मी सोडला आहे. आता दोन प्रश्न उरतात. वजनदार हवी असे सगळे म्हणता, पण माझ्या खांद्याचे काय? आणि नेमके किती ठोके झेलले म्हणजे चार इंच बर्फ आहे असे समजायचे?

तर्कसंगत
16 नोव्हेंबर 2024

वरची उत्तरे वाचून पहारीची गरज मला पूर्णपणे पटली आहे. मात्र खांद्याचा त्रास असलेल्या 64 वर्षांच्या गृहस्थांना साडेतीन-चार किलोची पहार सुचवणे मला योग्य वाटत नाही. ॲल्युमिनियमच्या दांड्याची, दोन किलोच्या आतबाहेरची पहार त्यांनी घ्यावी. जड पहार दुखऱ्या खांद्याने तासाभरात बाजूला ठेवली जाईल, आणि बाजूला ठेवलेल्या पहारीचा उपयोग शून्य.

माडाची_वाडी
16 नोव्हेंबर 2024

इथे मी वेगळे मत मांडते. माझे माहेर मालवणजवळ आहे. वडील सत्तरीपर्यंत माडांसाठी खड्डे काढत, आणि आम्हा मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: पहार मारायची नसते, पाडायची असते. दोन्ही हातांनी ती सरळ उचलायची आणि खाली येताना हात फक्त दिशा देण्यापुरते लावायचे. काम तिचे वजन करते. हलकी पहार घेतली की ते वजन नसते, मग ती खाली रेटण्यासाठी खांद्याचाच जोर लावावा लागतो. म्हणजे दुखऱ्या खांद्याला हलकी पहारच जास्त त्रास देईल.

बर्फाच्या बाबतीत तर याहून वाईट होईल, असे मला वाटते. थकलेल्या हाताने मारलेला हलक्या पहारीचा ठोका वरवर बसेल, बर्फ फुटणार नाही, आणि काकांना वाटेल की बर्फ जाड आहे.

लोहभट्टी
16 नोव्हेंबर 2024

माडाची_वाडी ताईंनी लाख मोलाचे सांगितले. घणाचेही तसेच असते. त्यात एवढीच भर घालतो की वजन खालच्या अंगाला जास्त असलेली, म्हणजे भरीव पात्याची पहार घ्यावी. दोन तुकड्यांची घेऊ नये. आट्यांचा जोड ठोक्यांनी सैल होत जातो आणि ठोक्याचा झणका हातापर्यंत नीट पोहोचत नाही.

मिनेसोटाची_मावशी
16 नोव्हेंबर 2024

@तर्कसंगत यांचा मुद्दा मी पूर्णपणे बाजूला सारणार नाही. पहार टाकून दिली जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. पण त्यावर उपाय असा की 3.5 किलोच्या आसपासची घ्यावी आणि चालण्याचे अंतर कमी ठेवावे.

ठोक्यांच्या संख्येविषयी: इतके ठोके म्हणजे इतके इंच, असे कोष्टक कुणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. पहार, हात आणि बर्फ या तिन्हींप्रमाणे ते बदलते. आम्ही असे करतो की काठाजवळ, जावई आधी खात्री करून घेतील तिथे, ऑगरने भोक पाडायचे, पट्टीचा हूक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून जाडी मोजायची आणि मग शेजारीच आपल्या पहारीने आपल्या हातांनी आरपार होईपर्यंत ठोके मोजायचे. तो तुमचा त्या दिवसाचा आकडा. परतताना पुन्हा एकदा मोजा. दुपारी थकलेल्या हातांना त्याच बर्फासाठी जास्त ठोके लागतात, आणि ते लक्षात आले नाही तर पातळ बर्फ जाड भासतो.

नवीन_सदस्य_ठाणे
17 नोव्हेंबर 2024

तुंबलेल्या रस्त्यातून छत्रीच्या टोकाने मॅनहोल चाचपत चालणे, असेच हे आहे का?

सिमको_काठ
17 नोव्हेंबर 2024

हेतू तोच आहे, पण कृती वेगळी. छत्रीला नुसते चाचपून झाकण आहे की नाही कळते. बर्फ मात्र सगळीकडे असतोच. त्याला हलकेच टेकवलेल्या पहारीने काहीच कळत नाही. नवखे लोक ती काठीसारखी टेकत चालतात, ही सर्वांत मोठी चूक आहे. प्रत्येक वेळी ती उचलून पाडलीच पाहिजे.

मनगटाच्या दोरीचा उल्लेख राहिला. पातळ जागी पहार आरपार गेली की ओल्या हातमोज्यातून निसटते आणि तळाशी जाते, म्हणून वरच्या टोकाला दोरीचा फास असलेलीच घ्या. तो फास मनगटात आवळून बांधू नका. स्वतः पाण्यात पडलात तर चार किलोचे लोखंड झटक्यात हातातून सुटले पाहिजे.

मिनेसोटाची_मावशी
17 नोव्हेंबर 2024

पहारीबरोबरच गळ्यात अडकवायच्या टोच्यांची जोडी आणि अंगात तरंगते जाकीट हवेच. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्यांसाठी 1-10-1 हा क्रम सांगितला आहे: पहिले एक मिनिट श्वास आवरण्यात जाते, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे घाबरून धडपडण्याची गरज नसते. ज्या बाजूने आलो त्याच बाजूकडे तोंड करून टोचे बर्फात रोवायचे, पाय मारत पोटावर वर यायचे आणि उभे न राहता लोळत दूर जायचे.

पवईचा_गळ
11 जानेवारी 2025

मंडळी, मिनेसोटाहून लिहितो आहे. अखंड पोलादाची, 3.6 किलोची, बरोबर पाच फुटांची, पायऱ्यांच्या धारेची पहार इथल्या दुकानातून घेतली. दुकानातच दोन्ही हातांनी उचलून रबरी पायपुसण्यावर पाडून पाहिली. हलकी पहारही पाडून पाहिली, आणि माडाची_वाडी ताई म्हणाल्या ते खांद्याला तिथेच पटले.

घराजवळच्या लहान तलावावर जावयांनी ऑगरने मोजले तेव्हा सहा इंच स्वच्छ बर्फ होता. तिथे माझे ठोके मोजायला गेलो, तर दहा झाले तरी पहार आरपार गेली नाही आणि मी थांबलो. हात दुखले, पण खांदा दुखला नाही. मग आम्ही पूर्वेच्या काठाने निघालो. जावई माझ्यापुढे 20 पावलांवर होते. वाळलेल्या बोरूच्या एका बेटाजवळ मी त्यांच्या वाटेपासून जेमतेम दोन हात डावीकडे सरकलो आणि सवयीने ठोका दिला. दुसऱ्याच ठोक्याला पहार पाण्यात गेली. फास मनगटात सैल होता म्हणून ती हाती राहिली. मी पाय घासत मागे आलो आणि जावयांना हाक मारली. त्यांनी लांबूनच नीट पाहिले आणि ते म्हणाले, “बाबा, इथे ओढा येऊन मिळतो; हिमामुळे माझ्या लक्षात आले नाही.” त्यांच्या वाटेवर बर्फ पाच इंच होता.

मासे दोन मिळाले, पण मला लिहायचे होते ते या दोन हातांच्या अंतराविषयी. मागून चालणाऱ्याजवळ स्वतःची पहार हवी का, या प्रश्नापासून हा धागा सुरू झाला होता. पुढच्या रविवारी सौ. सुद्धा येणार आहेत आणि त्यांच्यासाठी तिसरी पहार घ्यायची आहे. त्यांची उंची पाच फूट, वजन 52 किलो. माझ्याइतकीच जड घ्यावी का?

माडाची_वाडी
11 जानेवारी 2025

काका, काकूंना दुकानात बरोबर न्या आणि तीन किलोपासून वर एकेक पहार दोन्ही हातांनी कमरेपर्यंत उचलून पाडायला सांगा. सलग वीस वेळा जी न थकता उचलता येईल, त्यांतली सर्वांत जड घ्या.

मिनेसोटाची_मावशी
12 जानेवारी 2025

अनुमोदन. आणि त्यांचे ठोके त्यांनाच मोजू द्या. तुमचा आकडा त्यांना सांगू नका.